खोली बघणारा कॅमेरा

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, तेही निंबोल्याच्या शाळेत, आणि त्यातलं निम्मं वर्ष कापूस वेचण्यात जायचं. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. शंका आली की मी दुसरी वेलांटी काढते, ती दिसायला बरी दिसते. शिवाय केळीच्या चिकानं माझी बोटं काळी आणि ताठ झालीत, पेन नीट धरता येत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर त्यानं चुका मोजत बसू नये.

जे लिहायचं आहे त्याची मला अजून किळस येते. ते डोक्यातून निघावं म्हणून लिहिते.

आमच्या घरात दोन खोल्या आणि मागे अंगण. अंगणात न्हाणी आहे, म्हणजे तीन बाजूंनी विटा आणि चौथ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा. वर छप्पर नाही. शेजाऱ्यांनी गच्ची बांधल्यापासून मी अंगावर साडी ठेवूनच अंघोळ करते आणि ओल्या साडीनं अंगण ओलांडून मागच्या खोलीत येते. कडी लावते, मग कोरडं नेसते. गेली कित्येक वर्षं हेच. न्हाणीला चौथी भिंत, पत्र्याचं दार, आतून कडी आणि वर छप्पर, याला मिस्त्रीनं बावीस हजार सांगितले होते. मी केळीच्या पॅकिंगच्या शेडवर फण्या धुते आणि निवडते. तिथल्या मजुरीतून तीन वर्षांत बावीस हजार जमवले. मिस्त्रीला मी निरोपसुद्धा धाडला होता.

तेवढ्यात माझे धाकटे दीर इंदूरची नोकरी सुटून घरी आले.

ते कॉम्प्युटरचं शिकलेले आहेत. आल्यावर दोन आठवडे झोपले. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही शेडवर फणी बघून कसं सांगता, ही जाड, ही बारीक?"

"बघून," मी म्हणाले.

"तेच मी मशीनकडून करून घेणार. वरून कॅमेरा बघेल आणि सांगेल, ही एक नंबर, ही दोन नंबर. शेठशी बोलणं झालंय. फक्त कॅमेऱ्याला पैसे कमी पडून राह्यले."

शेठ म्हणजे आमच्या शेडचे मालक. मालकाला मशीन पाहिजे होतं आणि दिराला पैसे. माझे मालक, म्हणजे माझा नवरा, भाकरी मोडता मोडता म्हणाला, "हिच्याकडे आहेत ना."

मला नाही म्हणता येत नाही. लोकांसमोर माझा आवाज घशातच राहतो, लहानपणापासून. माझंच काम काढून घेणारं मशीन माझ्याच पैशानं यायचं होतं, हे मला कळत होतं. तरी मी बँकेतून पैसे काढून आणले. दीर म्हणाले, "महिन्यात परत, वहिनी. दाराला सोन्याची कडी लावू." आणि हसले. त्यांच्या दातांवर गुटख्याचा लाल थर होता.

नवरा रात्रपाळीला कापडाच्या लूमवर जातो आणि दिवसा पुढच्या खोलीत झोपतो. म्हणून टेबल मागच्या खोलीत लागलं. माझ्या कपड्यांच्या कपाटासमोर.

टेबलावर आधी एक हिरवा बोर्ड आला, तळहाताएवढा. त्याला ना झाकण ना काही, नुसती आतडी बाहेर. दीर म्हणाले हा पूर्ण कॉम्प्युटर आहे. त्याच्या पोटात नखाएवढं कार्ड घालायचं, सगळं त्या कार्डात राहतं. मग कॅमेरा आला. एक छोटी पट्टी आणि तिच्यात एका ओळीत चार काळ्या काचा, काही मोठ्या, काही लहान. दिरांनी तो एका दांड्यावर बसवला.

"हा साधा नाही," ते म्हणाले. "डेप्थ कॅमेरा आहे. म्हणजे हा खोली बघतो."

मी कपाटाकडे बघितलं, कडीकडे बघितलं. खोली बघतो.

"दिवसभर?" मी विचारलं.

"चालू असला की बघणारच ना. त्यासाठीच घेतला."

मी आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ओल्या साडीनं आले आणि म्हणाले, "भाऊजी, जरा बाहेर जा." ते गेले, कॅमेरा तिथेच राहिला. मी कडी लावली आणि त्याच्यासमोर उभी राहिले. त्याच्यावर टॉवेल टाकला तर दीर विचारतील का टाकला, आणि मला सांगावं लागेल. आरशाच्या कडेला माझ्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. त्यात मरून रंगाच्या होत्या, त्या लगेच दिसल्या असत्या. काळी एकच उरली होती. ती मी काढली आणि डावीकडच्या मोठ्या काचेवर लावली. अशी बेमालूम बसली की मलाच वाकून बघावं लागलं. मग मी निवांत साडी नेसले. एका डोळ्यानंही माणसाला दिसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर प्रोग्रॅम घालणं सुरू झालं.

मला वाटलं होतं, मोबाईलमध्ये काही घालतात तसं असेल, बटण दाबलं की झालं. तसं नव्हतं. दीर लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ लिहायचे, खालून भराभर ओळी पळायच्या आणि शेवटी लाल अक्षरं यायची. लाल अक्षरं आली की ते शिवी द्यायचे आणि खिडकीतून थुंकायचे. खिडकीखाली माझी तुळस होती. होती म्हणते, कारण ती राहिली नाही.

पायथॉन नावाची भाषा आहे, तिच्यात ते सगळं लिहितात. बोर्डावर ती भाषा नवीन होती आणि कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम जुनीच ओळखत होता. इतकं मला आठवड्यात कळलं, कारण ते फोनवर इंदूरच्या मित्राशी दिवसभर तेच बोलायचे. मित्र म्हणाला, तयार प्रोग्रॅम या बोर्डासाठी मिळत नाही, तिथेच बनवून घ्यावा लागेल. मग ते बनवणं. पडद्यावर आकडा यायचा, टक्के. एक, दोन, तीन. चार तास लागायचे शंभर व्हायला.

"वहिनी, तुम्हाला आकडे येतात ना?"

"येतात."

"मग इथं बसा. शंभर झाले की फोन करा. मी चौकात आहे."

शेडवर काम नसायचं त्या दुपारी मी बसायचे. बोर्ड इतका तापायचा की त्याच्यावर हात धरवत नव्हता. एकदा अठ्ठ्याहत्तरवर आकडा थांबला तो थांबलाच. मी तासभर बघत राहिले. फोन करायचा तो शंभरला, थांबल्यावर करायचा की नाही ते सांगितलं नव्हतं. दीर आले तेव्हा सगळं गोठलेलं.

"सांगायचं ना, वहिनी."

"शंभर झाले नव्हते."

"चौथी पास," ते म्हणाले. मला नाही, बोर्डाला सांगितल्यासारखं.

बोर्डाची मेमरी कमी पडत होती, मग त्यांनी कार्डातलीच जागा उसनी घेऊन दिली. पुढच्या वेळी ब्याण्णववर तो आपोआप बंद पडून परत सुरू झाला. चार्जर हलका होता. तिसऱ्या वेळी शंभर झाले. मी फोन केला. ते धावत आले, तोंडात भरलेलं तसंच, आणि कॅमेरा सुरू केला.

लॅपटॉपवर दोन चौकोन उघडले. डावीकडे साधं रंगीत चित्र. टेबल, केळी, माझं कपाट, सगळं स्वच्छ. उजवीकडे काळं. नुसतं काळं.

"डेप्थ येत नाहीये," दीर म्हणाले. "इन्स्टॉल चुकलं."

मी त्या काळ्या चौकोनाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं. रंगीत चित्र दीर समोर बसलेले असतात तेवढ्यापुरतंच, असं मला वाटलं.

मित्र म्हणाला, कार्ड पूर्ण पुसून पहिल्यापासून घाल. पुसलं. चार तास. काळं. भाषा आणखी जुनी घातली. काळं. वायर बदलली. काळं. प्रत्येक वेळी ते बोर्ड बंद करायचे, हिरवा दिवा विझेपर्यंत थांबायचे, नखानं कार्ड दाबून काढायचे, लॅपटॉपमध्ये घालून पुसायचे. अकरा वेळा केलं. मी मोजलं, कारण दर वेळी मला वाटायचं की महिना तर कधीच उलटला.

आणि ती खोली. कॅमेऱ्याला दाखवायला रोज शेडवरून दोन-चार फण्या यायच्या, परत कुणी न्यायचं नाही. टेबलाखाली त्या आधी पिवळ्या झाल्या, मग काळ्या, मग त्यांना पाणी सुटलं. त्या पाण्यावर चिलटं बसायची, तिथून उठून माझ्या कपाटातल्या साड्यांवर बसायची. चहाच्या कपांत गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या. एका कपात तर ते थुंकले होते आणि तो कप त्यांनी मोरीत इतर भांड्यांमध्ये ठेवला होता. मी तो राखेनं घासला, परत घासला आणि मग उकिरड्यावर टाकून दिला. मी केळीत वाढलेली बाई, माझ्या माहेरी घरभर केळीच. तरी मला केळीचा वास नकोसा झाला. शेडवर जाऊन परत तोच वास. अंघोळ करून ओली आत यायचं, ते त्या वासात.

नवऱ्याला सांगितलं. तो कुशीवर वळला. "शिकलेला माणूस आहे, काहीतरी करून राह्यला. तुला वासाचं पडलंय."

पैशांचं तर मी विचारलंच नाही. तीन वेळा चहा घेऊन गेले ते विचारायला, आणि साखर पुरेशी आहे का ते विचारून परत आले.

मग एका दुपारी शेठ स्वतः घरी आले. मशीन कुठवर आलं बघायला. मी पुढच्या खोलीत स्वयंपाकाच्या बाजूला चहा करत होते, मधला दरवाजा उघडा होता. शेठ म्हणाले, "भाई, मुझे समझाओ. साधा कॅमेरा और इसमें फरक काय?"

दीर म्हणाले, "शेठ, साधा कॅमेरा फक्त लांबी-रुंदी बघतो. हा खोली बघतो. विहीर किती खोल, तसं. फणी कॅमेऱ्यापासून किती लांब, तिचा फुगवटा किती वर, त्यावरून जाडी काढायची."

"मतलब गहराई."

"हां, गहराई."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. विहिरीची खोली. या शब्दाचे दोन अर्थ मला माहीत होते, कुणाला नसतात, आणि तरी मी सव्वा महिना त्या कॅमेऱ्याला चुकीच्या अर्थानं घाबरले होते. तो काळा चौकोन माझ्या टिकलीमुळे काळा आहे हे त्या क्षणी मला कळलं. इंदूरच्या मित्राला कळलं नाही ते मला कळलं. हसू यायला पाहिजे होतं. येत होतंही.

मी चहा घेऊन आत गेले. शेठ म्हणत होते, "लेकिन यह तो काला दिखता है."

"ते होईल. रंगीत बघा, किती साफ येतं. दर दहा सेकंदाला आपोआप फोटो निघतो, शेकडो सॅम्पल जमलेत." दीर लॅपटॉपवर बोट दाबत होते. फणी. फणी. रिकामं टेबल. फणी. आणि मग मी.

पाठमोरी, कपाटासमोर. ओली साडी अंगाला चिकटलेली, केस सोडलेले. पुढच्या फोटोत हात वर. त्याच्या पुढचा मी बघितला नाही.

"अरे, हे टेस्टिंगचे आहेत, पुसायचे राहिले," दीर म्हणाले आणि पुढे दाबत राहिले. पुढेही मीच होते.

शेठ लॅपटॉपकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं, आणि चहाचा कप उचलून म्हणाले, "भाभी, चाय अच्छी बनी है."

मी मोरीशी जाऊन ओकले. फक्त पित्त पडलं. खोली बघणारा डोळा मी झाकला होता. पण माझ्या खोलीत बघणारा डोळा त्याच्या शेजारी उघडाच होता, आणि मी त्याच्यासमोर सव्वा महिना निवांत साडी नेसत होते. त्या निवांतपणाची मला सगळ्यात जास्त किळस आली.

दीर शेठला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मी आत गेले आणि नखानं टिकली काढली. चिकटपणा राहिला होता, तो पदरानं पुसला. मग पूर्ण कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. टिकली का काढली ते इथे लिहिते. ती राहिली असती तर मशीन कधीच चाललं नसतं, आणि मशीन चाललं नसतं तर माझे पैसे आले नसते. ती टेबलाखालची घाणही गेली नसती.

संध्याकाळी नवऱ्याला फोटोंचं सांगितलं. खाली बघून, थोडक्यात. तो म्हणाला, "घरातलेच फोटो आहेत. मुद्दाम थोडेच काढले." आणि डबा घेऊन लूमवर गेला.

दुसऱ्या दिवशी दिरांनी टॉवेल बाजूला करून बाराव्यांदा कार्ड पुसलं. चार तासांनी शंभर झाले आणि उजवा चौकोन उघडला. केळी लाल, टेबल पिवळं, मागची भिंत निळी. फणीचं एकेक बोट वेगळं दिसत होतं, त्याचा फुगवटासुद्धा. खरं सांगते, ते सुंदर होतं. मला आवडलं म्हणून माझाच राग आला.

दिरांनी मावा जिलेबी आणली. "आवृत्तीचाच घोळ होता," ते चौकात सगळ्यांना सांगत होते. "एक आकडा चुकला की महिना जातो." मी जिलेबी घेतली नाही.

"उद्या शेठ पैसे आणणार," ते मला म्हणाले. "पण वहिनी, तुमचे हळूहळू देतो. आधी दुसरा कॅमेरा घ्यायचाय. दाराची काय घाई, इतकी वर्षं निघाली."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला बाहेर गेले तेव्हा मी बोर्ड बंद केला, त्यांचं बारा वेळा बघितलेलं होतं. हिरवा दिवा विझेपर्यंत थांबले. कार्ड नखानं दाबलं, ते बाहेर आलं. टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटात घातलं आणि पाकीट कमरेला खोचलं.

शेठ अकराच्या सुमारास आले. नवराही उठून बसला होता. दिरांनी बोर्ड चालू केला. लाल दिवा लागला, बाकी काही नाही. वायरी हलवल्या. मग कार्डाची जागा बघितली.

"वहिनी, इथलं कार्ड?"

"माझ्याकडे आहे."

माझा आवाज इतका हळू होता की शेठनी विचारलं, "क्या बोली?"

"कार्ड माझ्याकडे आहे," मी परत म्हणाले. मी फरशीकडेच बघत होते. "भाऊजी, लॅपटॉपमधले माझे फोटो पुसा. इथे, मला दिसतील असे. मग माझे बावीस हजार द्या. मग कार्ड देते."

"अहो, आतमध्ये चार तासांचं काम आहे," दीर म्हणाले.

"माहीत आहे. मीच बसले होते."

नवरा म्हणाला, "दे ना, घरचाच माणूस आहे. शेठसमोर काय चाललंय?"

"फोटो शेठसमोरच होते," मी म्हणाले.

शेठनी घड्याळ बघितलं. दिरांनी लॅपटॉप उघडला आणि एकेक फोटो पुसला. किती होते ते मी मोजले नाही. त्यांच्या मोबाईलमध्ये एखादा असेल तर मला कळायचा मार्ग नाही, आणि ही किळस माझ्याजवळ राहणार आहे.

शेठनी आणलेल्या पाकिटातून दिरांनी पंधरा हजार काढून पुढे केले. "बाकीचे पुढच्या महिन्यात." मी हात पुढे केला नाही, कमरेवरच ठेवला. ते नवऱ्याकडे बघायला लागले. नवऱ्यानं तोंड फिरवलं. माझ्यासाठी त्यानं त्या दिवशी तेवढंच केलं. मग दिरांनी आणखी नोटा काढल्या, एकेक करून, ओठ आवळून.

मी बोटाला थुंकी न लावता मोजले, दोनदा. बावीस हजार होते. मी टिकल्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. टिकलीचं मी कुणाला सांगितलं नाही. पैसे पदरात बांधले आणि त्याच पावली मिस्त्रीकडे गेले. आता कुणाकडून काही यायचं राहिलं नाही.